तोकिए नावाचा भोपळा

होनमा तोकिएच्या घरी भोपळा चिरायला सुरी नव्हती, कुऱ्हाड होती. जपानच्या उत्तरेला, हॉक्काइडो बेटावरच्या कामिनुमा गावात तसला भोपळा लावणारी आता ती एकटीच उरली होती. बाकीच्यांनी बाजाराचा कल ओळखून केव्हाच छोटे, गोड, दोन माणसांच्या घराला पुरणारे काबोचा भोपळे लावायला सुरुवात केली होती. तोकिएच्या वावरात मात्र जुनाच वाण असायचा. त्याला मासाकारी म्हणत, म्हणजे कुऱ्हाडच. राखाडी-निळी साल, दोन्ही टोकं निमुळती, एकेक फळ उचलताना कंबरेला हात लावायला लागावा असं जड. साल एवढी टणक की सुरी घातली तर पातं आतच अडकून बसे. अंगणातल्या ओंडक्यावर भोपळा ठेवून तोकिए घाव घालायची, आणि त्या आवाजाने शेजारचा हिराता कुंपणावरून डोकं वर काढायचा.

"तोकिए-सान, भोपळा फोडताय की जुन्या यजमानांचं डोकं?"

"मला नवा यजमान नाही की जुना नाही. तुमचं डोकं देता का? एवढं कठीण दुसरं गावात सापडायचं नाही."

हिराता खूश होऊन आत जायचा. रोजचंच होतं हे.

तोकिएचं लग्न झालं नव्हतं. होता होता राहिलं होतं. स्टेशनवर काम करणारा एक मुलगा होता, शांत, मोठ्या कानांचा. त्याची बदली कुशिरोला झाली तेव्हा तो विचारायला आला होता. नेमकी त्याच वर्षी धाकटी बहीण चिझुरु अमेरिकेला निघाली. साप्पोरोत हिवाळी ऑलिंपिक झाली, तेव्हा चिझुरु तिथल्या एका हॉटेलात कामाला होती. इंग्रजी बरं बोलायची, दिसायला चुणचुणीत. वॉरन नावाच्या एका अमेरिकन माणसाशी तिची ओळख झाली आणि तिकडे जायचं ठरलं.

"ताई, दोनच वर्षं," चिझुरु म्हणाली होती. "मी तिकडे जम बसवते आणि येते. मग आईला मी बघेन, तू जा कुशिरोला. त्याला म्हणावं, दोन वर्षं थांब."

तो थांबलाही. पण दुसऱ्या हिवाळ्यात आईचं एक अंग गेलं आणि चिझुरुला पहिला मुलगा झाला. मग कुणी कुणाला काही विचारलं नाही. मोठ्या कानांच्या मुलाने कुशिरोतलीच एक मुलगी केली. तोकिएने आईला कुशीवर वळवायला, पलंगातच न्हाऊ घालायला, चमच्याने भरवायला शिकून घेतलं. आई पुष्कळ वर्षं जगली. ती गेली तेव्हा चिझुरु आली, पण अंत्यविधी आटोपल्यावर. विमान चुकलं होतं म्हणे. तीन दिवस राहिली, भरपूर रडली, बहिणीचे हात कुरवाळत म्हणाली, "ताई, तुझे उपकार कसे फेडू गं?"

तोकिएला ते वाक्य आवडलं नव्हतं. बहिणींमध्ये उपकार कुठून आले?

एवढं मात्र खरं की चिझुरुने संबंध तोडले नाहीत. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. तिकडे तेव्हा शनिवारची दुपार असायची. तिने आणि वॉरनने सिॲटल शहरात उपाहारगृह काढलं होतं. पुढे वॉरन वारला, ती एकटीनेच चालवत राहिली. फोनवर ती गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची, आचाऱ्यांच्या तक्रारी करायची. आणि हिवाळा लागला की न चुकता म्हणायची, "ताई, बी काढलंस का? पाठव हं. चहाच्या डब्यात, पानांच्या खाली. आपल्या मासाकारीशिवाय माझं पान हलत नाही बघ."

दर हिवाळ्यात तोकिए सगळ्यांत जड, सगळ्यांत जुनी फळं बाजूला काढायची. बर्फ पडून महिना झाला की ती फोडायची, कारण तोवर गर सुकून गोड होतो. बिया कोमट पाण्यात चोळून धुवायची, स्टोव्हजवळ कागदावर पसरायची, हलक्या निघतील त्या फेकायची. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. मग चहाचा डबा. टपालात असं बी पाठवायला परवानगी नसते हे तिला ठाऊक होतं. जन्मात तिने केलेला तेवढाच गुन्हा. डबा पोस्टात देताना तिची मान ताठ व्हायची आणि पोस्टातला माणूस म्हणायचा, "बहिणीला चहा? अमेरिकेत चहा मिळत नाही वाटतं!"

"आपल्यासारखा नाही मिळत," ती म्हणायची.

सिॲटलजवळच्या कुठल्यातरी टेकडीवर आपले वेल पसरलेत असं तिला डोळ्यांपुढे दिसायचं. चिझुरुने कधी तिकडचा फोटो पाठवला नव्हता, पण तोकिएला तो लागलाही नाही.

त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता सेकी मास्तर तिच्या फाटकाशी आले. सोबत दोन अमेरिकन माणसं. सेकी मास्तरांनी गावच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते इंग्रजी वापरायला माणूस शोधत फिरायचे आणि कामिनुमात असा माणूस वर्षात एखादाही यायचा नाही. त्यामुळे ग्रामकचेरीतून बोलावणं आलं तेव्हा ते टाय लावूनच निघाले होते.

"अहो बाई!" ते फाटकातूनच म्हणाले. "पाहुणे! थेट सिॲटलहून! आपल्या चिझुरुची गिऱ्हाइकं! माझ्या हाताखालून गेलेली मुलगी, बघा, कुठे जाऊन पोचली. तिचं इंग्रजी मी पक्कं केलं, आठवतंय ना?"

पाहुणी साठीची होती, लोर्ना तिचं नाव. गोल चेहरा, पायात जाड बूट, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जपून धरलेलं. तिचा नवरा ड्वाइट मागे उभा राहून छपराकडे बघत होता. लोर्ना बोलू लागली. हळूहळू, मध्येच थांबत. तोकिएला त्यातलं कळलं नाही, पण 'चिझुरु' दोनदा आणि 'तोकिए' चारदा ऐकू आलं. बोलता बोलता लोर्नाचे डोळे भरले. मास्तर सुरुवातीला मान डोलावत होते. मग मान थांबली. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काय म्हणतात?" तोकिएने विचारलं.

"म्हणतात की... गाव फार सुंदर आहे."

"एवढं बोलल्या त्या. रडल्या. आपलं गाव एवढं सुंदर नाही, मास्तर."

"म्हणजे हवा... हवा पण छान आहे म्हणतात."

"मास्तर."

सेकी मास्तरांनी टायची गाठ सैल केली. "आपण आत जाऊन बोलायचं का? नाहीतर मी यांना जरा देवळाकडे फिरवून आणतो."

"इथेच सांगा. माझं नाव आलं त्यात चार वेळा."

"त्या धूप लावायला आल्यात."

"आईला? किती चांगल्या—"

"आईला नाही," मास्तर बुटांकडे बघत म्हणाले. "तुम्हाला."

तोकिएला वाटलं, म्हाताऱ्याचं इंग्रजी गंजलंय. पण मास्तर मग थांबले नाहीत. एकदाच सांगून मोकळं व्हावं तसे घडाघडा बोलत सुटले. सिॲटलच्या त्या उपाहारगृहात भोपळ्याच्या तळलेल्या टिक्क्या मिळतात. लोक त्यासाठी लांबून येतात. त्या भोपळ्याचं नाव तिथे 'तोकिए' आहे. मेनूवरही तेच. कारण काय, तर चिझुरुची थोरली बहीण तोकिए. लढाईनंतरच्या उपासमारीच्या हिवाळ्यात ती आपल्या वाटणीचा भोपळा रोज धाकटीच्या वाडग्यात टाकायची. टाकता टाकता बर्फ वितळायच्या आत ती गेली. जाताना तिने धाकटीच्या मुठीत बिया ठेवल्या. त्या बिया घेऊन धाकटी समुद्रापार गेली. चिझुरु स्वतः टेबलापाशी येऊन हे सांगते. सांगताना तिचा आवाज दरवेळी फुटतो.

तोकिए ओंडक्यावर बसली.

ऐकलेल्यातलं एक खरं होतं. वाडग्याचं. आई वावरात असायची, आणि चिझुरु एवढीशी, पोट फुगलेली, सारखी रडणारी. तेव्हा घरात भोपळ्याशिवाय काही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ भोपळा खाऊन तळहात पिवळे पडले होते. तोकिए आपल्या वाडग्यातले तुकडे तिच्यात टाकायची आणि स्वतः उरलेलं पाणी प्यायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. एवढ्याशा पोरीला ते आठवत असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

आठवत होतं तर. सगळं आठवत होतं, आणि एवढ्या रविवारांत ती एकदाही त्याबद्दल बोलली नव्हती. ते तिने टेबलांसाठी राखून ठेवलं होतं.

"या कोण आहेत, असं विचारतायत," मास्तर हळूच म्हणाले. लोर्ना तोकिएकडे बघून हसत होती. "काय सांगू?"

त्या क्षणी तोकिएच्या मनात पुष्कळ काही येऊन गेलं असेल. पण तोंडून जे आलं ते सवयीने आलं. धाकटीने काही फोडलं-सांडलं की थोरलीने आईसमोर पुढे व्हायचं, ती सवय.

"सांगा, मी शेजारीण. घराची किल्ली माझ्याकडे असते."

"अहो बाई, मी चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून—"

"तुम्ही भाषांतर करताय. खोटं मी बोलतेय."

तिने पाहुण्यांना आत नेलं. कोपऱ्यात पितरांचं लाकडी कपाट होतं. आत आईचा आणि बाबांचा फोटो. लोर्नाने कागद सोडून धूपकाड्या काढल्या. सिॲटलच्या जपानी दुकानातून आणलेल्या. गुडघ्यांचा त्रास असूनही ती खाली बसली, काडी लावली, हात जोडले आणि खांदे गदगदवून रडली. तोकिए तिच्यामागे मांडीवर हात ठेवून बसली होती. स्वतःच्या श्राद्धाला स्वतःच बसावं, तेही मागच्या रांगेत, असं तिला झालं. हसू येईल की काय याची भीती वाटली. हसू काही आलं नाही.

"तोकिएचा फोटो नाही का?" लोर्नाने विचारलं.

"तेव्हा गरिबांच्या पोरांचे फोटो कोण काढायचं," तोकिए म्हणाली. मास्तरांनी ते भाषांतर करताना खोकला काढला.

पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं? टिक्क्यांचं पीठ तयार होतं. भोपळा उकडून, कुस्करून, बटाट्याचं सत्त्व घालून वळलेलं. तिने चकत्या कापून लोण्यावर परतल्या, वर सोया सॉस आणि साखरेचा पाक. लोर्नाने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "तीच चव! अगदी तीच! हिला कसं येतं हे?"

"गावात सगळ्यांनाच येतं, म्हणावं," तोकिए म्हणाली.

हात धुवायला म्हणून ड्वाइट मागच्या पडवीत गेला आणि तिथूनच त्याने बायकोला हाक मारली. पडवीत त्या वर्षीचे मासाकारी रांगेने गवतावर मांडले होते. लोर्ना दारातच थबकली. मग मोठ्याने हसत सुटली.

"अगं बाई, हा तर हबर्ड! निळा हबर्ड! मेन राज्यात, माझ्या आजीच्या तळघरात हेच असायचे. आजी त्याला जिन्यावरून खाली फेकायची, फुटावा म्हणून. आजोबा ओरडायचे, जिना मोडशील!"

"आमच्याकडे कुऱ्हाड लागते," मास्तरांनी तोकिएचं सांगितलं. आता त्यांना जरा उत्साह आला होता. "आणि आश्चर्य नाही त्यात. मेजी सम्राटाच्या काळात सरकारने अमेरिकेतून शेतीचे जाणकार बोलावले होते, त्या सुमारास हे बी तिकडूनच इकडे आलं. इकडे त्याचं मासाकारी झालं."

"आणि चिझुरुकडे परत तिकडे जाऊन तोकिए झालं!" लोर्ना म्हणाली. तिला नावांची गंमत वाटू लागली. आपल्याकडे एकाला एकोर्न म्हणतात, एकाला बटरकप, एकाला बटरनट, ती बोटांवर मोजू लागली. जो हिरवा, गोल, जपानी, त्याला म्हणतात काबोचा.

"पण इथे सगळ्यांनाच काबोचा म्हणतात," तोकिए म्हणाली. "नुसतं काबोचा म्हटलं तर कळणार कसं कुठला ते?"

"एकाला तर हॉक्काइडोच म्हणतात," ड्वाइट म्हणाला.

"बरं झालं गावाचं नाव कुणाला दिलं नाही," तोकिए म्हणाली, आणि पाहुणे हसले. जरा वेळाने तिने मास्तरांना विचारायला सांगितलं, "चिझुरुची वाडी कुठे आहे? वेल चांगले येतात का तिकडे?"

लोर्नाने नवऱ्याकडे पाहिलं. वाडी? वाडी कसली. हा हबर्ड तर हंगामात कुठल्याही मंडईत ढिगाने मिळतो. चिझुरुचा माणूस तिथूनच आणत असेल. बिया मात्र आहेत ना. दाराशी एक मोठी काचेची बरणी आहे, काठोकाठ भरलेली, जुन्या बिया, पिवळ्या पडलेल्या. त्याच त्या, बहिणीने मुठीत दिलेल्या. आत येणारा प्रत्येक जण त्यात हात घालून बिया खळखळवतो. शुभ असतं म्हणे.

सेकी मास्तरांनी यातलं एकही अक्षर गाळलं नाही. गाळायला हवं होतं असं त्यांना नंतर वाटलं.

पाहुणे गेले. तोकिएने बशा धुतल्या. पडवीत त्या हिवाळ्यासाठी बाजूला काढलेली चार मोठी फळं होती, बियांसाठीची. ती तिने उचलून इतर फळांत मिसळून टाकली.

रविवारी फोन वाजला.

"ताई! कशी आहेस? बर्फ पडला का?"

"तुझी गिऱ्हाइकं येऊन गेली. लोर्ना आणि तिचा नवरा."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"काय म्हणाल्या?"

"मला धूप लावला."

"ताई..."

"मी म्हटलं मी शेजारीण. त्यांना कळलं नाही."

चिझुरुने सोडलेला श्वास तोकिएला स्पष्ट ऐकू आला. सुटकेचा. तोकिए रडण्याची वाट बघत होती, निदान काहीतरी अडखळण्याची. आला तो सुटकेचा श्वास.

"तू किती गुणाची आहेस गं ताई. मला माहीतच होतं, तू सांभाळून घेशील. हे बघ, इथे लोकांना नुसता भोपळा नको असतो. जेवणासोबत त्यांना काहीतरी ऐकायला लागतं. सुरुवातीला मी फक्त वाडग्याचं सांगितलं होतं. एक बाई म्हणाली, मग तुझी बहीण गेली का? आणि मी... माझ्या तोंडून 'हो' निघालं. एकदा हो म्हटल्यावर परत कसं फिरणार?"

"'नाही, ती आहे' म्हणता आलं असतं."

"मग त्यांनी विचारलं असतं, आता कुठे आहे? कोणाबरोबर आहे? मी काय सांगणार होते? आईला तिच्या गळ्यात टाकून मी इकडे आले, दोन वर्षांची बोली करून? ते कसं सांगू टेबलावर?"

तोकिएला हे एवढं तरी खरं वाटलं. बहिणीने खरं बोलावं म्हणून ती आणखी थांबली. पण चिझुरुचं बोलून झालं होतं.

"बी तरी पेरलंस का कधी?"

"पहिल्या वर्षी पेरलं. गोगलगायींनी खाल्लं. मग तुला वाईट वाटेल म्हणून... आणि बरणीत किती छान दिसतं, ताई, तू बघायला हवंस!"

"कशी बघणार? मी मेलेय ना," तोकिए म्हणाली.

चिझुरु हसली. विनोदच आहे असं समजून हसली. तोकिएने फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात चहाचा डबा गेला नाही. रविवारी फोन वाजायचा तेव्हा तोकिए कधी उचलायची, कधी पडवीत जाऊन उगाच गवत सारखं करत बसायची. उचलला तर हवेचं बोलायची. चिझुरुही बीचं विचारत नव्हती. हिराता म्हणाला, "तोकिए-सान, घाव हल्ली जोरात पडतायत. नक्की कुणाचं डोकं आहे ते?" तिने पुढचा भोपळा ओंडक्यावर ठेवला, आणि तो कुंपणापलीकडे ओशाळून उभा राहिला.

जूनमध्ये एका रविवारी चिझुरुचा आवाज फार गोड होता.

"ताई, एक काम आहे. छोटंसंच. इथल्या एका मासिकाचा माणूस येतोय तिकडे, ग्रेडी नावाचा. आपल्यावर मोठा लेख करतोय. घर, वावर, वेल, सगळ्याचे फोटो काढील. तू मागच्या वेळेसारखं शेजारीणच सांग. आणि... दारावरची पाटी तेवढी काढून ठेवशील? तो जपानी वाचतो म्हणे. होनमा आडनाव असू दे, पण तुझं नाव आहे ना तिच्यावर."

"माझं नाव काढू?"

"दोन दिवसांसाठी गं. मग परत लाव. स्क्रू ड्रायव्हर आहे ना घरात?"

स्क्रू ड्रायव्हर होता. ज्या दिवशी तो माणूस येणार होता त्या दिवशी सकाळी तोकिए तो घेऊन फाटकाशी गेलीदेखील. पाटी लाकडी होती, आई गेल्यावर तिने स्वतः लावलेली. वरचा स्क्रू सहज निघाला. खालचा गंजला होता. ती तो फिरवत राहिली आणि फिरवता फिरवता तिच्या लक्षात आलं की आपण हे खरोखरच करतोय. पन्नाशी उलटून गेलेली बाई, भर सकाळी, स्वतःच्या दारावरून स्वतःला काढतेय. बहिणीने सांगितलं म्हणून. पोरीच्या वाडग्यात तुकडे टाकावेत तसं. तिला बहिणीचा राग आला होताच. त्या क्षणी स्वतःचा त्याहून जास्त आला. तिने वरचा स्क्रू परत बसवला आणि जोर लावून आवळला.

ग्रेडी सेकी मास्तरांना घेऊनच आला. मास्तर आधीच घामाघूम झाले होते. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, आज कोण?

"मास्तर, आज तुम्हाला त्रास नाही," तोकिए म्हणाली. "त्यांना म्हणावं, मी होनमा तोकिए. चिझुरुची थोरली बहीण. मी मेले नाही. वाडग्याचं खरं आहे, बाकीचं नाही."

मास्तरांनी सांगितलं. त्यांच्या इंग्रजीत त्या दिवशी एकही चूक झाली नसावी, असं ते पुढे पुष्कळांना सांगत. ग्रेडी तरुण होता, लाल दाढीचा. त्याने पाटी वाचली, तोकिएकडे पाहिलं, आणि कॅमेरा खांद्यावरून काढायचं विसरला. मग म्हणाला, "चहा मिळेल का?" तो संध्याकाळपर्यंत बसला. त्याने पुष्कळ विचारलं. बहिणीबद्दल वाईट असं तोकिए काही बोलली नाही. आई आजारी होती, बहीण लांब होती, एवढंच म्हणाली. फोटो मात्र तिने काढू दिला.

लेख कधी छापून आला हे तिला कळलं नाही. चिझुरुचा फोन आला तेव्हा रविवार नव्हता.

"काय मिळालं तुला?" चिझुरु ओरडत होती. "काय मिळालं ताई? सगळे विचारतायत. लोक पैसे परत मागतात तसे अश्रू परत मागतायत माझ्याकडे! ती लोर्ना, ती तर दारात उभी राहून मला खोटारडी म्हणाली. जन्मभराची मेहनत माझी! एक शब्द बोलायचा होतास, शेजारीण!"

"एकदा बोलले होते."

"मग पुन्हा बोलायला काय झालं होतं? तुझं काय जात होतं?"

तोकिएला पुष्कळ सांगायचं होतं. कुशिरो, आईचा पलंग, पेरांच्या भेगा. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"तू मला एकदा विचारायचं होतंस, चिझुरु. मी हो म्हटलं असतं कदाचित. मरायलासुद्धा. पण तू विचारलं नाहीस."

फोन पलीकडून बंद झाला. त्यानंतर आलाच नाही. लोर्नाने मास्तरांच्या पत्त्यावर एक कार्ड धाडलं, तोकिएची क्षमा मागणारं, तिची काहीच चूक नसताना. त्यात तिने लिहिलं होतं की उपाहारगृह चालू आहे, बरणी गेली, आणि मेनूवर आता नुसतं हबर्ड असं लिहितात. टिक्क्या तशाच लागतात.

हे ऐकून तोकिएला समाधान वाटायला हवं होतं. मास्तरांनी तसं विचारलंही.

"समाधान कसलं, मास्तर. आता रविवार सकाळ मोकळी असते. काय करायचं त्या वेळेचं, तेवढं सांगा."

शरदात आईचं श्राद्ध आलं. देवळात भिक्षू नावं विचारत होते, प्रार्थनेत घ्यायची. घरातली हयात माणसं कोण?

"तोकिए," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आणि चिझुरु. सिॲटल, अमेरिका."

"त्या येणार आहेत का?"

"नाही. पण आहे ती. हयातीत घाला."

घरी येताना तिला वाटलं होतं, एवढं मोठं मन केल्यावर जरा हलकं वाटेल. वाटलं नाही. राग होता तसाच होता. फाटकाशी हिराता तिच्या वावराकडे बोट दाखवून विचारत होता, वेल कधी उपटायचे, मदतीला येऊ का. ती म्हणाली या, पण उद्या. आज तिला कुणाशी बोलायचं नव्हतं. तिने बूट काढले, स्टोव्ह पेटवला आणि सकाळचा गार भात गरम करायला ठेवला.